कणखर कोणाला म्हणावे?

नोटर डेम विद्यापीठाच्या फुटबॉल संघातला आजवरचा सर्वांत कणखर गडी कोण, या प्रश्नाला चाहत्यांचे उत्तर ठरलेले असते. ज्याने सर्वांत जास्त दुखणे अंगावर काढले आणि तरी मैदान सोडले नाही, तो. मोडलेली हाडे, निखळलेले खांदे, अंगात भरलेला ताप यांचा हिशेब मांडला की यादी तयार. अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक कॉलेज संघाकडे अशी एखादी यादी असते. नोटर डेमच्या यादीला मात्र एक अडचण आहे. हे विद्यापीठ कॅथलिक आहे, आणि कॅथलिक विचारपरंपरेत धैर्य हा विवेक, न्याय आणि संयम यांच्या जोडीचा चौथा मुख्य सद्गुण आहे. त्याची व्याख्या, त्याचे अंश आणि त्याच्या नकला यांचा कीस तेराव्या शतकातच पाडून झाला आहे. त्या कसोटीवर घासली की चाहत्यांची यादी चांगलीच उलटीपालटी होते.

इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावाशेजारी १८४२ मध्ये होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरू एडवर्ड सोरिन यांनी हे विद्यापीठ सुरू केले. फुटबॉलचा पहिला सामना तिथे १८८७ मध्ये झाला आणि मिशिगनने तो ८-० असा जिंकला. देऊळ आणि मैदान तेव्हापासून एकमेकांना इतके चिकटून आहेत की एकाची भाषा दुसऱ्यात शिरते. ग्रंथालयाच्या भिंतीवर १९६४ पासून हात उंचावलेल्या ख्रिस्ताचे भव्य चित्र आहे. टचडाउन, म्हणजे गोल, झाल्यावर पंच असेच दोन्ही हात वर करतो, म्हणून विद्यार्थी त्याला सरळ 'टचडाउन जीझस' म्हणतात. फादर कॉर्बी यांचा पुतळा उजवा हात उंचावून उभा आहे. गेटिसबर्गच्या लढाईत १८६३ साली आयरिश ब्रिगेडच्या सैनिकांना त्यांनी पापक्षालनाचा आशीर्वाद दिला, तो हा हात. फुटबॉलमध्ये मात्र चेंडू झेलणाऱ्याने हात वर केला तर त्याचा अर्थ 'मी पळणार नाही, मला पाडू नका' असा होतो. त्यामुळे मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्यांना धीर देणारा हात विद्यार्थ्यांच्या थट्टेत मार चुकवणारा हात झाला.

हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू हातात धरून किंवा फेकून तो पुढे न्यायचा आणि समोरच्यांनी वाहकाला अंगाने आडवे करायचे, असा हा खेळ आहे. त्यात इतके मृत्यू होत होते की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली आणि रेटारेटी थोडी सैलावली. शिरस्त्राण सक्तीचे व्हायला तरीही १९३९ साल उजाडले.

आता १८ ऑक्टोबर १९२४ चा सामना. न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर समोर लष्करी अकादमीचा, म्हणजे 'आर्मी'चा संघ होता. नोटर डेमने तो १३-७ असा जिंकला. क्रीडालेखक ग्रँटलंड राइस यांनी दुसऱ्या दिवशीच्या वृत्तान्तात नोटर डेमच्या मागच्या फळीतल्या स्टुलड्रेहर, मिलर, क्राउली आणि लेडन या चौघांना बायबलच्या शेवटच्या ग्रंथातल्या चार घोडेस्वारांची उपमा दिली. संघाच्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या विद्यार्थ्याने लगोलग चौघांना खऱ्या घोड्यांवर बसवून छायाचित्र काढवून घेतले. ते देशभर छापले गेले आणि चौघे अमर झाले.

त्या छायाचित्रात नसलेला एक माणूस म्हणजे संघाचा कर्णधार अॅडम वॉल्श. तो सेंटर होता. सेंटरचे काम असे: जमिनीवर ठेवलेल्या चेंडूवर वाकायचे, दोन्ही हातांनी तो धरायचा, आणि इशारा होताच पायांच्या मधून मागच्या गड्याकडे नेमका फेकायचा. प्रशिक्षक न्यूट रॉक्नी यांच्या रचनेत मागचे गडी काही पावले दूर उभे असत. त्यामुळे चेंडू नुसता हातात ठेवून भागत नसे, तो अचूक पोहोचवावा लागे. चेंडू सुटला रे सुटला की समोरचा अंगावर येतो, आणि सेंटरचे डोके तेव्हा खालीच असते. त्या दिवशी समोर आर्मीचा एड गार्बिश होता, तोही त्या काळातला अव्वल सेंटर. वॉल्शच्या दोन्ही हातांची हाडे मोडलेली होती. त्या हातांनी त्याने चेंडू मागे फेकत राहायचे, लगेच तेच हात पुढे करून गार्बिशला थोपवायचे आणि पुन्हा खाली वाकायचे. चढाईचे आणि बचावाचे गडी वेगळे ठेवण्याची पद्धत तेव्हा नव्हती. त्यामुळे आर्मीची पाळी आली की वॉल्श बचावालाही उभाच. सामना हाताबाहेर जाऊ शकेल अशा शेवटच्या टप्प्यात आर्मीचा एक पास त्यानेच मधल्या मध्ये पकडला. मोडक्या हातांनी झेल घेणे म्हणजे काय, हे क्रिकेट खेळताना एकदा बोट मुरगळलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

पुढच्या फळीतल्या या सातजणांना 'सात खेचरे' असे नाव पडले. घोडेस्वारांना खेचरांचे महत्त्व कितपत वाटत होते, यावर संघात एक विनोद प्रचलित होता: कोणती फळी जास्त महत्त्वाची यावर एकदा मतदान झाले, आणि पुढची फळी सात विरुद्ध चार मतांनी जिंकली.

इथे संत थॉमस अक्वायनस यांचा विचार उपयोगी पडतो. 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात त्यांनी धैर्याला दोन कामे दिली आहेत: चाल करून जाणे आणि टिकून राहणे. यातले मुख्य कोणते, असे विचारून ते टिकून राहण्याच्या बाजूने कौल देतात. आजच्या वाचकाला, आणि कुठल्याही काळातल्या फुटबॉल प्रेक्षकाला, हे उलटे वाटेल. त्यांची कारणे तीन आहेत. चाल करून जाणारा सहसा स्वतःला वरचढ समजूनच जातो, तर सोसणाऱ्यापुढे असते ते त्याच्यापेक्षा बलवान असते. चाल करणाऱ्याचे संकट अजून पुढे असते, सोसणाऱ्याचे आताच अंगावर आलेले असते. आणि हल्ला झटक्यात उरकता येतो, सोसायला वेळ लागतो. धैर्याची परमावधी म्हणूनच ते योद्ध्यात न पाहता हुतात्म्यात पाहतात, कारण हुतात्मा कोणावरही वार करत नाही.

या मापाने घोडेस्वार खाली येतात आणि खेचर वर जाते. घोडेस्वारांच्या कौशल्यात यामुळे काही उणे येत नाही. मात्र चेंडू घेऊन मोकळ्या जागेत धावणाऱ्याला त्याच क्षणी टाळ्या मिळतात. वॉल्शला प्रत्येक खेळीनंतर पुन्हा त्याच चेंडूवर, त्याच हातांनी वाकायचे होते, आणि पुढच्या खेपेला काय होणार हे त्याला पुरते ठाऊक होते. अक्वायनस यांची तिन्ही कारणे त्याला लागू पडतात.

वेदान्तातल्या षट्संपत्तीत तितिक्षा मोजली जाते, ती या सोसण्याच्या बरीच जवळची आहे, पण तिची अट जास्त कडक आहे. दुःख सहन करायचे, त्यावर उपाय शोधत बसायचे नाही, त्याची चिंता नाही आणि विलापही नाही. तितिक्षेला साक्षीदार लागत नाही. मैदानातल्या सोसण्याला मात्र ५०-६० हजार साक्षीदार असतात, आणि तिथेच गुंता सुरू होतो.

अॅरिस्टॉटलने 'निकोमाकीय नीतिशास्त्रा'त खऱ्या धैर्यासारख्या दिसणाऱ्या पाच गोष्टींची नोंद केली आहे. नागरिकाचे धैर्य, जे मानासाठी आणि लाजेपोटी येते. सरावलेल्याचे धैर्य, ज्याला कोणता धोका पोकळ आहे हे अनुभवाने कळलेले असते. रागाचे धैर्य. नेहमी जिंकत आलेल्याचा आत्मविश्वास. आणि शेवटी अज्ञानातून आलेले, म्हणजे धोका माहीतच नसलेल्याचे धैर्य. फुटबॉल संघाच्या कपडे बदलण्याच्या खोलीत या पाचही जाती एका बाकावर बसलेल्या सापडतील. अॅरिस्टॉटल पहिलीला खऱ्या धैर्याच्या सर्वांत जवळची मानतो, कारण लाज वाटणे हे निदान चांगल्या गोष्टीची ओढ असल्याचे लक्षण आहे. सवंगड्यांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून उठून उभा राहणारा गडी या वर्गातला. त्याला कमी लेखायचे कारण नाही, पण त्याचे धैर्य उधारीचे असते. सवंगडी निघून गेले की ते उरेलच असे नाही.

ही उधारी नोटर डेममध्ये जितक्या कौशल्याने वापरली गेली तितकी क्वचितच कुठे वापरली गेली असेल. जॉर्ज गिप हा रॉक्नींच्या सुरुवातीच्या वर्षांतला सर्वांत गुणी खेळाडू. सराव चुकवणारा, पत्ते आणि बिलियर्ड्सवर पैसे लावणारा. १९२० मध्ये इंडियानाविरुद्ध खांद्याला जबर मार लागलेला असताना तो पुन्हा मैदानात उतरला आणि हातचा गेलेला सामना १३-१० असा फिरला. महिन्याभरात घशाच्या संसर्गाने तो आजारी पडला आणि १४ डिसेंबरला, वयाच्या २५ व्या वर्षी गेला. पेनिसिलिन यायला अजून वेळ होता. आठ वर्षांनी, १० नोव्हेंबर १९२८ ला, आर्मीविरुद्धच्या सामन्यात रॉक्नींनी मरणासन्न गिपची शेवटची इच्छा म्हणून एक गोष्ट संघाला सांगितली: कधी संघ अडचणीत आला तर माझ्यासाठी एक सामना जिंका. संघ १२-६ ने जिंकला. या इच्छेचा साक्षीदार एकच, स्वतः रॉक्नी, आणि ते आठ वर्षे त्याबद्दल गप्प होते. पुढे १९४० च्या चित्रपटात रोनाल्ड रेगन गिप झाले आणि ती ओळ अमेरिकी राजकारणातही फिरू लागली. गिपच्या खांद्याचे दुखणे खरे होते, पण त्याच्या कणखरपणाची जी कीर्ती उरली ती मुख्यतः त्याच्या मरणाची आहे, आणि ते मरण दुसऱ्यांना पेटवण्यासाठी वापरलेले सरपण आहे. त्या सामन्यात गोल करणाऱ्या जॅक शेविग्नीला १९४५ मध्ये इवो जिमा बेटावर मरण आले. त्याच्यावर चित्रपट निघाला नाही.

सोसणे आणि विवेक यांचे नाते काय, हा प्रश्न नोटर डेमच्या इतिहासात एका सामन्याने सर्वांत कडवटपणे विचारला. १९ नोव्हेंबर १९६६. मिशिगन राज्यातले ईस्ट लान्सिंग. पहिल्या क्रमांकाचा नोटर डेम विरुद्ध दुसऱ्या क्रमांकाचा मिशिगन स्टेट. नोटर डेमचा मुख्य धावक निक एडी आगगाडीतून उतरताना बर्फाळ पायरीवरून घसरला आणि आधीच दुखावलेला खांदा पुन्हा दुखावून बसला, म्हणजे खेळण्याआधीच बाद. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य गडी, टेरी हॅनराटी याला पहिल्याच सत्रात बुब्बा स्मिथने आडवे केले, त्याचा खांदा गेला. सेंटरही जखमी झाला. हॅनराटीच्या जागी आलेला कोली ओब्रायन त्याच हंगामात मधुमेही असल्याचे निदान झालेला मुलगा होता आणि रोज इन्सुलिन घेत होता. १०-० ने मागे पडलेला संघ या मुलाच्या हातून १०-१० वर आला.

शेवटचे मिनिटभर उरले असताना चेंडू नोटर डेमकडे होता, स्वतःच्या ३० यार्डांच्या रेषेवर. लांब पास फेकून जिंकण्याचा प्रयत्न करता आला असता, पण पास समोरच्यांनी पकडला असता तर सामना जाणार होता. बरोबरी फोडण्यासाठी जादा वेळ देण्याची पद्धत कॉलेज फुटबॉलमध्ये तेव्हा नव्हती. प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी चेंडू जमिनीलगत ठेवला, धावून धावून वेळ काढला आणि बरोबरी घेऊन घरी आले. समोरचे गडी रेषेपलीकडून त्यांना भित्रे म्हणून हिणवत होते. वर्तमानपत्रांनीही सोडले नाही. 'गिपरसाठी (म्हणजे गिपसाठी) बरोबरी करा' असा टोमणा पुढे कित्येक वर्षे पार्सेगियन यांच्या मागे लागला. आठवड्याभराने त्याच संघाने दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाला ५१-० असे धुतले आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तरी तो डाग गेला नाही.

प्लेटोच्या 'लॅकेस' या संवादात हाच वाद आहे. लॅकेस हा अथेन्सचा सेनापती. धैर्य म्हणजे काय, असे विचारताच तो म्हणतो की रांगेत पाय रोवून उभे राहणे आणि न पळणे. सॉक्रेटिस त्याला सिथियन घोडेस्वारांची आठवण देतो, जे पळता पळता लढतात. मग प्लॅटीयाच्या रणातल्या स्पार्टनांची आठवण देतो, ज्यांनी आधी रांग मोडली, माघार घेतली आणि शत्रूची रांग विस्कटल्यावर वळून त्याला गाठले. लॅकेस मग व्याख्या बदलतो: धैर्य म्हणजे मनाची सोशिकता. पण मूर्खपणाची सोशिकताही धैर्यच का, असा पुढचा प्रश्न येतो आणि सेनापती अडकतो. ईस्ट लान्सिंगच्या मैदानावर पार्सेगियन यांना भित्रे म्हणणाऱ्या संघाचे अधिकृत नाव 'स्पार्टन्स' आहे, हा योगायोग प्लेटोला आवडला असता.

पार्सेगियन यांचा निर्णय धैर्याचा होता की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. एक गोष्ट मात्र नजरेआड होते. त्या मिनिटभरात सर्वांत अवघड सोसणे हाडांचे नव्हते. सुमारे ८० हजार लोकांसमोर भित्रा ठरणे हे ते सोसणे होते. अॅरिस्टॉटलच्या नागरिकी धैर्याला नेमके हेच जमत नाही, कारण ते लाजेवरच उभे असते. लाज ओलांडून विवेकाने केलेली माघार त्याच्या यादीतल्या पाचही नकलांत बसत नाही. ओब्रायनच्या शरीराला किती झेपेल याचा अंदाजही त्या निर्णयात होता. चाहत्यांच्या यादीत पार्सेगियन यांचे नाव नसते, कारण ते खेळले नाहीत. तरीही या प्रश्नाच्या चर्चेत ते नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही.

जो मॉन्टाना याची कथा सर्वांना आवडते, पण तीत विचाराला फारसे काही नाही. १ जानेवारी १९७९ ला डॅलसमधल्या कॉटन बोल सामन्यात थंडीने त्याच्या शरीराचे तापमान घसरले, त्याला आत नेऊन पांघरुणे घातली, कोंबडीचे सूप पाजले. परत येऊन त्याने १२-३४ अशी पिछाडी भरून काढली आणि वेळ संपता संपता संघाला ३५-३४ ने जिंकून दिले. कर्तृत्व मोठे आहे. पण अर्धे काम सूपाने आणि डॉक्टरांनी केले होते, आणि उरलेले त्याच्या हातातल्या देणगीने. देणगी आणि सद्गुण या निराळ्या गोष्टी आहेत.

रॉकी ब्लायर याचे मात्र उलट आहे. विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटनचा हा मुलगा १९६७ च्या संघाचा कर्णधार होता. अंगाने लहान, पायाने फार वेगवान नाही. १९६८ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक संघाने त्याला सोळाव्या फेरीत घेतले, म्हणजे जवळजवळ शेवटी. त्याच वर्षी सैन्याची सक्तीची भरती त्याच्यापर्यंत पोहोचली. २० ऑगस्ट १९६९ ला व्हिएतनाममध्ये त्याच्या डाव्या मांडीत गोळी घुसली, आणि नंतर हातबॉम्बच्या तुकड्यांनी उजव्या पायाची चाळण केली. फुटबॉल विसरा, असे डॉक्टरांनी सांगितले. स्टीलर्सचे मालक आर्ट रूनी यांनी एक पोस्टकार्ड पाठवले, त्यात संघाला त्याची गरज असल्याचे लिहिले होते.

ब्लायरला संघात पक्की जागा मिळाली ती १९७४ मध्ये. मधली पाच वर्षे शस्त्रक्रिया, लंगडत धावणे, नको म्हणून काढून टाकले जाणे, पुन्हा येणे यात गेली. त्या काळात कोणी टाळ्या वाजवत नव्हते. १९७६ मध्ये त्याने एका हंगामात १००० यार्डांहून जास्त धाव घेतली, आणि एकूण कारकिर्दीत संघाबरोबर चार सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक विजेतेपदे, जिंकली. पण विचाराचा विषय ती मधली पाच वर्षे आहेत. अक्वायनस चिकाटीला धैर्याशी जोडलेला पण वेगळा सद्गुण मानतात, कारण दीर्घकाळ लागणे हीच स्वतंत्र अडचण आहे. धोका संपला तरी कंटाळा संपत नाही. मोडलेला हात घेऊन साठ मिनिटे काढणारे नोटर डेमच्या इतिहासात काहीजण सापडतील. पाच वर्षे कोणी पाहत नसताना तसे काढणारा हा जवळजवळ एकटाच. तितिक्षेच्या सर्वांत जवळ जाणारा गडी शोधायचा तर तो हाच, फक्त एका अटीत तो नापास होतो: तो उपाय शोधत राहिला. वेदान्ताच्या मापाने हा दोष ठरेल, नीतिशास्त्राच्या मापाने नाही.

सोसण्याचे प्रेक्षकांना व्यसन लागले की काय होते, ते २०१२ मध्ये दिसले. बचाव फळीतला मँटी टेओ हा हवाईचा मॉर्मन मुलगा त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जात होता. सप्टेंबरमध्ये त्याची आजी वारली, आणि त्याच सुमारास त्याची मैत्रीण कर्करोगाने गेल्याचे त्याला कळवण्यात आले. काही दिवसांत त्याने मिशिगन स्टेटविरुद्ध १२ टॅकल केले, म्हणजे १२ वेळा समोरच्या गड्याला आडवे केले, आणि सर्व वाहिन्यांवर एकच कथा चालली. जानेवारी २०१३ मध्ये उघड झाले की मैत्रीण अस्तित्वातच नव्हती. टेओला ऑनलाइन फसवण्यात आले होते. त्यानंतर सगळी थट्टा मैत्रिणीची झाली. आजी खरोखर गेली होती, याची आठवण फार थोड्यांना राहिली. मुलाचे दुःख मोजण्याजोगे आहे की नाही, हे जणू त्याच्या कथेच्या नाट्यमयतेवर अवलंबून होते.

अज्ञानातून आलेले धैर्य ही अॅरिस्टॉटलच्या यादीतली पाचवी आणि सर्वांत हलकी जात. या खेळाबद्दलचा सर्वांत गंभीर प्रश्न तिच्यातूनच निघतो. डेव्ह ड्युअरसन १९७९ ते १९८२ या काळात नोटर डेमकडून खेळला आणि कर्णधार झाला. पुढे शिकागो बेअर्सकडून त्याने १९८५ च्या हंगामाचे विजेतेपद मिळवले. विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावरही तो होता. माजी व्यावसायिक खेळाडूंच्या अपंगत्वाच्या दाव्यांचा निवाडा करणाऱ्या मंडळावर तो बसत असे. फेब्रुवारी २०११ मध्ये, वयाच्या ५० व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, असा निरोप त्याने घरच्यांसाठी ठेवला होता. बॉस्टन विद्यापीठातल्या तपासणीत क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफलोपथी आढळली. डोक्यावर वारंवार आदळआपट झाल्याने मेंदूत हळूहळू पसरणारा हा आजार आहे, आणि त्याचे खात्रीचे निदान मृत्यूनंतरच होते. २०१७ मध्ये त्याच केंद्राने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राष्ट्रीय व्यावसायिक लीगमधल्या १११ माजी खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये हा आजार होता. हे मेंदू बहुतेक आधीच काळजीत पडलेल्या कुटुंबांनी दिलेले होते, त्यामुळे सर्वच खेळाडूंना हे प्रमाण लावता येत नाही. पण आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

ड्युअरसनच्या पिढीने डोक्यावरचे मार 'घंटा वाजली' म्हणून हसण्यावारी नेले. वॉल्शला आपले हात मोडल्याचे ठाऊक होते. काय गमावले जाऊ शकते हे समोर ठेवून त्याने ते पत्करले. ड्युअरसनने काय पत्करले हे त्याला कोणी सांगितले नव्हते, कारण ते कोणालाच पुरते माहीत नव्हते, आणि ज्यांना थोडेफार कळू लागले होते त्यांनी ते मोठ्याने सांगितले नाही. मग त्याच्या सोसण्याला धैर्य म्हणता येईल का? नियमाप्रमाणे नाही. ज्याचा पत्ता नाही ते पत्करता येत नाही. पण उणेपणा त्याच्या पदरी टाकणे अन्यायाचे आहे. ज्यांनी पाहिले, टाळ्या वाजवल्या, तिकिटे विकली आणि जाणून घेण्याची तसदी घेतली नाही, त्यांच्याकडे हा प्रश्न सरकतो. अक्वायनस यांच्या चार सद्गुणांच्या मांडणीत तो धैर्याच्या प्रकरणातून उठून न्यायाच्या प्रकरणात जाऊन बसतो.

चर्चची या बाबतीतली भूमिका नेहमीच दुहेरी राहिली आहे. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात धावपटू आणि मुष्टियोद्ध्याची उपमा घेऊन शरीर ताब्यात ठेवण्याचा आदर्श सांगितला. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज प्रॉटेस्टंटांनी त्या उपमेचा आधार घेऊन खेळ म्हणजेच सदाचार अशी एक चळवळ उभी केली, आणि रॉक्नींच्या काळात कॅथलिकांनी ती हौसेने उचलली. स्थलांतरित आयरिश, इटालियन आणि पोलिश कुटुंबांतल्या मुलांना प्रॉटेस्टंट अमेरिकेसमोर उभे राहायला मैदान ही सोयीची जागा होती. व्हॅटिकनने १ जून २०१८ ला खेळावर एक सविस्तर दस्तऐवज काढला. त्यात खेळाचे कौतुक आहे, पण शरीराची गंभीर हानी ज्यात अटळ आहे असा खेळ नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही, असेही आहे. हे वाक्य अमेरिकी फुटबॉलला लावायचे की नाही, याचा निर्णय साउथ बेंडमध्ये झालेला नाही. सामन्याआधी मिस्सा होते, आणि नंतर सामना होतो.

एप्रिल २०१० पासून अमेरिकी कॉलेज खेळांच्या संघटनेचा नियम असा आहे की डोक्याच्या माराची लक्षणे दिसलेल्या खेळाडूला तपासणीसाठी बाहेर काढायचे, आणि तसे निदान झाले तर किमान त्या दिवशी पुन्हा खेळू द्यायचे नाही. त्याने किंवा प्रशिक्षकाने कितीही आग्रह धरला तरी नाही. मोडलेला हात सर्वांना दिसतो, पण भुरकट झालेली नजर आणि मिनिटभरापूर्वीची न आठवणारी खेळी फक्त ज्याची त्याला कळते. त्यामुळे नियम कितपत चालेल हे बरेचसे खेळाडूच्या तोंडावर अवलंबून आहे. संघ मागे असताना, सर्वांच्या देखत, 'मला काहीतरी होतेय' असे स्वतः सांगून बाहेर बसायचे असते. लाज ओलांडण्याचे हे काम १९६६ साली प्रशिक्षकाने केले होते. आता ते १९-२० वर्षांच्या मुलाकडून अपेक्षिले जाते. दोन्ही हात मोडलेल्या सेंटरला हा नियम लागू होत नाही.